देवीदासभाऊंचा ड्रायव्हर

देवीदासभाऊ घरात आले की आधी रिमोट त्यांच्या हातात द्यावा लागतो. ते पहिल्यांदा टीव्हीचा आवाज बंद करतात. मग खुर्ची ओढून टीव्हीच्या शेजारी बसतात, अर्धं तोंड टीव्हीकडे आणि अर्धं आपल्याकडे, घसा साफ करतात आणि बजावतात, "डोयानं दिसते ते पाहू नोका. मी सांगतो ते पाहा."

मग समोर क्रिकेट असो, कीर्तन असो, नाहीतर बातम्या. बातम्यांत चार चौकटींत चार माणसं भांडत असतात. भाऊ सांगतात, "हा डाव्या अंगाचा म्हणते, माह्या वावरातलं तुह्या म्हशीनं खाल्लं. तो म्हणते, म्हैस माही नाहीच. वरची बाई म्हणते, म्हैस कोणाची का असना, दूध कोण पेलं ते सांगा." मी एकदा मुद्दाम आवाज लावून पाहिला. फारसा फरक नव्हता.

मी दिग्रसच्या बसस्टँडमागे लेडीज टेलरिंगचं दुकान चालवते. दुकान पुढे, घर मागे, आणि घराच्या भिंतीला लागून भाऊंचं घर. लग्नाआधी मी याच गावची, लग्नानंतरही याच गावची, त्यामुळे भाऊंपासून माझी सुटका कधी झालीच नाही. त्यांचं ऐकता ऐकता मी एका नवरीच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या. तिच्या आईनं माझा जो उद्धार केला, तो मी जसाच्या तसा भिंतीपलीकडे पोचवला. भाऊ म्हणाले, "वैनी, नवरीकडं कोण पाह्यते? लोक तं जेवणाकडं पाह्यतात."

भाऊ कोणाला बधत नाहीत. मागं बीपी वाढलं म्हणून त्यांना यवतमाळला भरती केलं होतं. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते, आणि त्यांच्या उशाशी ते हिरव्या रेघांचं यंत्र. भाऊंना टीव्ही मिळाला. म्हाताऱ्याची सून डबा घेऊन आली तेव्हा भाऊ तिला समजावून सांगत होते, "गाडी आता घाटात लागली. पाहा, चढून राह्यली. आता हा उतार. ब्रेक बराबर हायेत, घाबरू नोका. पण डिझल कमी वाटते." सून डबा तिथंच टाकून डॉक्टरला बोलवायला पळाली. नर्सनं भाऊंची खाट फिरवून त्यांचं तोंड भिंतीकडे केलं. तर भाऊंनी भिंतीवरच्या पालीची गोष्ट सांगायला घेतली, आणि म्हातारेबुवा म्हणाले, "खाट इकडं करा जी यांची. करमत नाही."

आता ही सवय लागली कशी ते सांगते. आम्ही लहान असताना कापसाचा हंगाम संपला की बाजाराच्या मैदानात तंबूचं टॉकीज लागायचं. हिंदी पिक्चर मोठ्या गावांतले टॉकीजवाले अडवून ठेवत, म्हणून तंबूच्या वाट्याला इंग्रजी पिक्चर यायचे. पडद्यावरचे लोक काय बोलतात ते दिग्रसमध्ये कोणाच्या बापाला कळत नव्हतं. म्हणून तंबूचा मालक माइकवर एक सांगणारा बसवायचा. पहिल्या खेपेला त्यानं कॉलेजात शिकलेला एक बाबू आणला. बाबू म्हणाला, "नायक आता आपल्या वरिष्ठांशी चर्चा करीत आहे." लोक जांभया द्यायला लागले. तेवढ्यात मागून आवाज आला, "चर्चा नाही करून राह्यला. थो म्हणते, मरायच्या कामाले दरवेळी मलेच काहून धाडता?"

तंबू हसून हसून लोळला. तो आवाज देवीदासभाऊंचा. ते जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, गाठी बांधायच्या प्रेसवर कामाला होते. मशीनच्या खडखडाटावर ओरडून ओरडून त्यांचा आवाज असा तयार झाला होता की माइक नुसता शोभेला. दुसऱ्या दिवसापासून माइक त्यांचा झाला. बाबूचं पुढं काय झालं, कोणी विचारलं नाही.

भाऊंना इंग्रजी येत नव्हतं, अजून येत नाही. ते चित्र बघायचे आणि गोष्ट करायचे. त्यातला एक पिक्चर दर उन्हाळ्यात फिरून यायचा. त्याचं खरं नाव मला आजही माहीत नाही, आम्ही त्याला बोगद्यातला पिच्चर म्हणायचो. दोन अणुबॉम्ब घेऊन एक मिलिटरीचा ट्रक डोंगरातल्या बोगद्यात शिरतो आणि दुसऱ्या तोंडानं बाहेर येतच नाही. बॉम्ब चोरीला जातात. मग एक गुप्तहेर ते शोधायला निघतो. एवढं कोणालाही दिसत होतं. बाकीचं भाऊंचं.

त्यांनी गुप्तहेराला आमच्याकडच्या फुलसावंगीचा करून टाकला. नाव नाईकसाहेब. लोकांतून कोणी विचारलं, "फुलसावंगीचा माणूस उन्हाळ्यात कोट घालून काहून फिरते?" भाऊ म्हणाले, "कोट सरकारी हाये. काढाची परवानगी नाही." बॉम्ब चोरणारा खलनायक मोठ्या बोटीवर बसून चाकूनं सफरचंद कापून खायचा. भाऊ म्हणायचे, "हा अडत्या. पाहा, एकटाच खाते. बाजूले माणूस उभा हाये, त्याले फोडसुद्धा देत नाही. यावरून ओळखा." अडत्याचा बेत असा की एक बॉम्ब दिग्रसवर टाकायचा आणि दुसरा दारव्ह्यावर. तंबू दारव्ह्याला गेला की पहिला बॉम्ब दारव्ह्यावर पडायचा. आमच्या गावचे काही लोक तिथं गेले होते, त्यांनी हरकत घेतली. भाऊ म्हणाले, "ज्याच्या गावात बसलो त्याले आधी मान द्यावा लागते."

नाईकसाहेब आणि ती सोनेरी केसांची बाई एकमेकांच्या जवळ आले की तंबूतल्या आया आमच्या डोळ्यांवर हात ठेवायच्या. भाऊ शांतपणे सांगायचे, "तिच्या डोयात मुरूम गेला. थो फुकून राह्यला." प्रसंग लांबला की म्हणायचे, "खडा लय बारीक हाये."

पण या पिक्चरात भाऊंची सगळ्यात मोठी करामत होती ती ड्रायव्हरची. सुरुवातीलाच बोगद्यात त्या ट्रकच्या ड्रायव्हरला गोळी लागते. तो धुरात स्टीअरिंगवर कोसळतो. आणि भाऊ सांगायचे, "मेला नाही. खांद्याले लागली. बेसुध हाये." एवढ्यावर थांबले असते तर ते देवीदासभाऊ कसले? पुढं पडद्यावर कुठंही मिशीवाला माणूस दिसला की ते म्हणायचे, "पाहा, आला आपला ड्रायव्हर. पट्टी शर्टाच्या आत हाये." कधी तो बोटीवर चहा घेऊन यायचा, कधी पोलिसाच्या टोपीत दिसायचा, एकदा तर खलनायकाच्या टोळीत दिसला. भाऊ म्हणाले, "त्यांच्यात घुसला. खबर काढून राह्यला." लोक टाळ्या वाजवायचे.

आमच्या शाळेत पुण्याहून एक सर बदलून आले. त्यांनी हा पिक्चर पुण्यात पाहिलेला. चहाच्या टपरीवर ते सहज म्हणाले की ड्रायव्हर तर सुरुवातीलाच मरतो.  मग लोकांनी सरांना समजुतीनं सांगितलं की तुम्हाला पुण्यात डुप्लिकेट पिक्चर दाखवला. सरांनी भाऊंनाच गाठलं. भाऊ म्हणाले, "पुण्यात मेला असन, सर. तिथं त्याचं कोण होतं? दिग्रसले जिता हाये." सर वाद घालायच्या बेतात होते, पण हेडमास्तरांनी त्यांना बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. त्यानंतर सर पुन्हा कधी त्या विषयावर बोलले नाहीत. उलट पुढच्या उन्हाळ्यात मुलाला घेऊन तंबूत आले आणि ड्रायव्हर पोलिसाच्या टोपीत दिसल्यावर त्यांनीही टाळी वाजवली.

हेडमास्तरांनी काय सांगितलं ते गावाला माहीत होतं. भाऊंना एक धाकटी बहीण, शेवंताताई. तिचा नवरा भीमराव जिनाचा ट्रक चालवायचा. भाऊंचा जिवाचा दोस्त. जिनाच्या ओट्यावर दोघं एका डब्यात जेवायचे, आणि बहिणीचं लग्न भाऊंनीच त्याच्याशी जमवलेलं. एकदा कापसाच्या गाठी घेऊन भीमराव आदिलाबादकडे निघाला. ट्रक सापडला रस्त्याच्या कडेला, गाठी जागेवर, दार लावलेलं. भीमराव सापडला नाही. भाऊ त्या रस्त्यावरचं गाव अन् गाव फिरले. कोणी म्हणालं लुटारूंनी मारलं, कोणी म्हणालं वाघानं नेलं. आणि ज्यांच्या जिभेला हाड नसतं ते म्हणाले, पळाला असेल, तिकडं दुसरं घर केलं असेल. शेवंताताई भावाकडे येऊन राहिली. भाऊंचं स्वतःचं लग्न ठरत आलं होतं ते राहून गेलं, मग त्यांनी तो विषयच काढू दिला नाही.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बोगद्यातला पिक्चर पहिल्यांदा आला. शेवंताताई बायांच्या बाजूला बसली होती, मी माझ्या आईच्या मांडीवर. ट्रक बोगद्यात शिरला, गोळी सुटली, ड्रायव्हर कोसळला, आणि तंबूतल्या साऱ्या बायांनी शेवंताताईकडे पाहिलं. तेव्हा माइकवरून भाऊंचा आवाज आला, "मेला नाही. बेसुध हाये." बस. त्या दिवसापासून अख्ख्या गावानं कोणालाही न विचारता ठरवून टाकलं की ड्रायव्हर मेलेला नाही.

तंबू गेला, व्हिडिओ आला, तोही गेला. भाऊंच्या हातात माइकच्या जागी रिमोट आला. यंदा उन्हाळ्यात आमच्या वस्तीतल्या मंडळानं एक प्रोजेक्टर आणला. मंडळाचा अध्यक्ष प्रशांत, मोबाइलचं दुकान आहे त्याचं, पोरगा चांगला पण सगळ्या गोष्टी त्याला नव्या कोऱ्या लागतात. त्यानं कुठून तरी बोगद्यातला पिक्चर शोधून काढला. हिंदीत बोलणारा, चकचकीत, जसा काल काढला. विहारासमोरच्या पटांगणात दाखवायचं ठरलं आणि पडदा शिवायचं काम माझ्याकडे आलं.

भाऊ माइक मागायला गेले. प्रशांत म्हणाला, "काका, आता माइकची गरजच नाही. सगळं हिंदीत हाये. लोकाईले समजते."

"लोकाईले समजते म्हणूनच म्हणतो, आवाज बंद ठेव," भाऊ म्हणाले.

"काका, जमाना बदलला."

"बदलला असन. पिच्चर तोच हाये ना? मंग सांगणारा बी तोच राह्यते."

प्रशांतनं नाही म्हटलं. भाऊंनी घरून खुर्ची आणली आणि पटांगणात ज्या दोन बल्ल्यांना पडदा बांधायचा होता त्यांच्या मधोमध मांडून बसले. "पडदा बांधाचा असन तं मलेही बांधा," म्हणाले. दुपारचं ऊन डोक्यावर, त्यात भाऊंची सत्तरी उलटलेली. येणारे-जाणारे समजावत होते आणि भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्यांची गोष्ट सांगत होते. "हा पाहा आला समजवाले. घरी बायको याचं ऐकत नाही, म्हणून इथं आला." मंडळाचा कोणीही पुढं यायला धजेना.

मी पाणी घेऊन गेले. म्हटलं, "भाऊ, कायले एवढं ताणता? पोट्टे हायेत. पाहू द्या त्यायले."

भाऊ पाणी प्यायले, त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "शेवंता येईन ना वैनी पाह्याले. थो हिंदीत बोलणारा माणूस तिच्यासमोर सांगन, ड्रायव्हर मेला. मले ते नाही पाह्यजे."

माझं डोकं फिरलं, पण प्रशांतवर. मी तशीच त्याच्या दुकानात गेले. म्हटलं, "पडदा माह्या मशीनवर हाये. अर्धा शिवला. आवाज लावणार असशीन तं अर्धाच नेऊन टांग, अर्धा पिच्चर भिंतीवर पाह्य." तो म्हणाला, काकू, तुम्ही पण? म्हटलं, मी पण, माझी मशीन पण. तुझ्या आईला विचार, तंबूत ती माझ्या शेजारी बसून टाळ्या वाजवत होती. आईनं घरी त्याला काय ऐकवलं ते माहीत नाही, पण दिवेलागणीच्या आत माइक भाऊंच्या घरी पोचला.

पिक्चरच्या दिवशी पटांगण भरून गेलं. जुने लोक भाऊंसाठी आले होते, नवे लोक जुन्यांना काय झालंय ते बघायला. शेवंताताई बायांत पुढेच बसली, पांढरी स्वच्छ साडी, गुडघे दुखतात म्हणून पाय लांब करून. भाऊंनी आवाज बंद करून घेतला, घसा साफ केला आणि सुरू झाले. पडद्यावर नावं येत होती तोवरच त्यांनी फुलसावंगीच्या नाईकसाहेबांची ओळख करून दिली. कोट सरकारी निघाला. पोरंटोरं हसायला लागली आणि प्रशांतसुद्धा हसला, मी पाहिलं.

मग ट्रक बोगद्यात शिरला. तंबूत आम्ही धूर पाहिला होता. इथं तर सगळं लख्ख. गोळी छातीवर लागली, रक्त दिसलं, ड्रायव्हरचे डोळे उघडे राहिले. "बेसुध हाये," भाऊ जरा घाईनं म्हणाले. पुढं बसलेली एक पोरगी म्हणाली, "आजोबा, पण त्याचे डोये उघडे हायेत."

"उघड्या डोयानंही माणूस बेसुध होते. तू शाळेत झोपत नाहीस का?" भाऊ म्हणाले, आणि पटांगण पुन्हा हसलं. मला वाटलं, निभावलं.

पण थोड्याच वेळात पडद्यावर एक दफनभूमी आली. तंबूतल्या त्या तुटक्या पिक्चरमध्ये ही नव्हतीच, कुठं तरी कापली गेली असणार. एक लाकडी पेटी, तिच्यावर झेंडा, झेंड्यावर ड्रायव्हरचा फोटो, मिशीसकट. शेजारी काळ्या कपड्यांतली एक बाई. भाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा आम्हाला पाठ करून पडद्याकडे पूर्ण तोंड केलं. माइक गप्प. प्रशांतचा हात आवाजाच्या बटणाकडे गेला, मी त्याचं मनगट धरलं.

"पेटी," भाऊ म्हणाले. थांबले. "पेटी रिकामी हाये. सरकारले लय घाई असते."

कोणी हसलं नाही. कोणी टाळी वाजवली नाही. जुनी माणसं खाली बघायला लागली. तेवढ्यात शेवंताताई हाताच्या आधारानं उठली. मी तिला धरायला धावले, तिनं माझा हात बाजूला केला. ती भावापाशी जाऊन उभी राहिली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्याशीच बोलली. पण माइक चालू होता, त्यामुळे ते सगळ्या पटांगणानं ऐकलं.

"दादा, बस कर आता. मी तं कवाच रडून मोकळी झाली. थो गेला हे मले त्याच वर्षी समजलं होतं. दर उन्हाळ्यात मी तुह्यासाठी येत होती. तुले वाटे मले पाह्यजे, मले वाटे तुले पाह्यजे. उतरू दे आता त्याले गाडीतून. लय थकला असन."

मला आवरेना. मी इतकी वर्षं भिंतीपलीकडे राहिले आणि मला, गावाला, त्या पुण्याच्या सरांनासुद्धा वाटत होतं की भाऊ बहिणीसाठी ड्रायव्हरला जिवंत ठेवतात. त्या माणसाचा दोस्त गेला होता आणि त्या दुःखात कोणी भाऊंच्या पाठीवर एकदा हात ठेवून 'बसा जरा' म्हटलं नव्हतं.

पडद्यावर पेटी खाली उतरत होती. भाऊंनी ती पूर्ण उतरू दिली. मग ते आमच्याकडे वळले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"हा ड्रायव्हर मेला," ते म्हणाले. "बोगद्यातच मेला. याचं नाव भीमराव. गाडी चांगली चालवे. माह्या डब्यातली भाकर आधी खाये, मंग सोताची. थो गाडी सोडून पयाला नाही. कोणी म्हणत असन पयाला, दुसरं घर केलं, तं त्यानं आता इथं या अन् माह्या तोंडावर सांगा."

भाऊ थांबले. खरंच थांबले, एकेका चेहऱ्याकडे बघत. ज्यांनी तसं म्हटलं होतं त्यातले काही त्या पटांगणात बसलेले होते, आता म्हातारे झालेले. कोणी उठलं नाही. एकानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग भाऊ खुर्चीतून उठले. शेवंताताईला खुर्चीत बसवलं आणि स्वतः तिच्या शेजारी उभे राहिले. नाक पुसलं, माइक तोंडाशी धरला आणि आधीपेक्षाही मोठ्या आवाजात म्हणाले, "आता रडत नोका बसू. इकडं पाहा. बॉम्ब अजून सापडाचे हायेत."